आईने निवडलेला पांढरा

उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली, आणि घरी आल्याआल्या मी पहिला आवाज चढवला तो कपड्यांच्या दोरीपाशी. दोरीवर माझे तीन शर्ट वाळत होते आणि तिन्ही निळे होते.

"माझे पांढरे शर्ट कुठे गेले?"

"हेच ते," बायको म्हणाली.

"हे पांढरे? अगं, निळे आहेत हे!"

"असणारच. रोज उठून तुम्हीच ओरडत होतात, पिवळे राहिले, पिवळे राहिले. मग मी नीळ वाढवत गेले. एका थेंबाचे चार थेंब झाले."

"मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"बोलले होते. तुम्ही म्हणालात, रंगातलं तुला काय कळतंय."

म्हणालो असणार. या घरात रंगातलं फक्त मला कळतं, हा इथला कायदाच होता. म्हणजे पंधरा वर्षं मी आकाशी शर्ट घालून ऐटीत फिरत होतो आणि गल्लीतल्या एकाही माणसाने तसं सांगितलं नाही. मला हसू आलं. बायकोला आलं नाही. तिने शर्ट दोरीवरून ओढून काढले आणि पुन्हा भिजत घातले.

एवढं होऊनही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. शर्टावरून मला शर्टच कळले, पुढचं काही कळलं नाही. पुढचं कळायला आठवडा गेला आणि बहिणीचा फोन यावा लागला.

मी टीव्ही मेकॅनिक. आता होतो म्हणायचं. भिंतीला चिकटवायचे हल्लीचे पापड नव्हेत, मागे भलंमोठं पोट असलेले, काचेच्या नळीचे जुने सेट. त्यातही माझं नाव होतं ते रंगांसाठी. आवाज गेला, चित्र फिरतंय, असली कामं कुणीही करायचं. पण माणसांचे चेहरे हिरवे दिसतात, भिंती गुलाबी दिसतात, असं काही असलं की दुसरे मेकॅनिकसुद्धा सेट माझ्याकडे पाठवायचे.

काम सांगायला सोपं आहे. पडद्यात लाल, हिरवा, निळा असे तीनच रंग असतात. तिघांचं माप जुळलं की पांढरा होतो. एखादा जड झाला की पांढऱ्यावर त्याची छटा चढते. ते तपासायचं तर आधी सेट अर्धा तास तापू द्यायचा, मग रंगाचं बटण शून्यावर आणायचं. चित्र नुसतं काळं-पांढरं दिसलं पाहिजे. त्यात कुठे निळसर, हिरवट दिसलं तर मागचं झाकण काढून नळीच्या मानेवरच्या सर्किटच्या पाटीतले बारीक स्क्रू फिरवायचे. प्रीसेट म्हणतो आम्ही त्यांना. तीन स्क्रू चित्रातल्या अंधाऱ्या भागासाठी, दोन उजळ भागासाठी. समोर खुर्चीवर आरसा ठेवायचा, म्हणजे मागे बसल्याबसल्या पडदा दिसतो. बाकीचे लोक त्यासाठी मीटर बाळगायचे. मी काही बाळगत नसे. आरशात बघायचो, स्क्रू फिरवायचो आणि पांढरा झाला म्हणायचो. मी म्हटलं की झाला.

माझ्या हाताखाली माझा धाकटा भाऊ होता. माझ्याहून अकरा वर्षांनी लहान, सगळं काम माझ्याकडेच शिकलेला. त्याची एक सवय मला अजिबात आवडत नसे. काम झालं की तो प्रत्येक प्रीसेटवर आणि शेजारच्या पाटीवर मिळून नेलपेंटचा एक ठिपका द्यायचा. कुणी स्क्रू हलवला की ठिपक्याचे दोन तुकडे होतात; ते पुन्हा जुळवले की स्क्रू होता तिथे येतो. नेलपेंटची बाटली त्याने आमच्या मधल्या बहिणीची ढापली होती. मी त्याला म्हणायचो, "ज्याला स्वतःच्या नजरेचा भरवसा नाही त्याने खुणा कराव्यात." तो हसायचा आणि ठिपका द्यायचा.

तर बहिणीचा फोन. आई गेल्यावर आईच्या खोलीतला टीव्ही बहिणीने नेला होता. आता ती घर बदलत होती आणि तो सेट कुणा हौशी माणसाला देणार होती. जुने व्हिडिओ गेम जुन्याच टीव्हीवर खेळणारे लोक असतात म्हणे. त्यातला तो एक.

"दादा, तो बघून गेला," ती म्हणाली. "सेट हवाय म्हणाला, पण चित्र फार निळं आहे म्हणतो. तेवढं नीट करून दे म्हणाला."

"निळं? तो सेट मी लावलाय. माझ्या हाताने लावलाय."

"मला माहीत आहे रे कुणी लावलाय," ती म्हणाली. "तू ये तर खरं."

दुकान बंद केल्यापासून 'निळं' हा शब्द माझ्यासमोर कुणी उच्चारला नव्हता. माझं डोकंच फिरलं. डॉक्टरांनी वाकू नका, वजन उचलू नका म्हणून बजावलं होतं, तरी मी हत्यारांची पिशवी उचलली आणि निघालो. त्या गेमवाल्याला काय काय सुनवायचं ते वाटेत पाठ करून ठेवलं.

बहिणीच्या घरात सगळीकडे खोकी होती. टीव्ही एका कोपऱ्यात जमिनीवर होता. तिने त्याला जुना डीव्हीडी प्लेअर जोडून दिला आणि कसली तरी तबकडी घातली. मी खुर्ची ओढून बसलो. अर्धा तास सेट तापू दिला. तेवढ्यात चहा झाला. मग रंगाचं बटण शून्यावर आणलं.

चित्र निळं होतं.

थोडंथोडकं नाही. पडद्यावरची माणसं थंडीने काकडून मेल्यासारखी दिसत होती. मला वाटलं नळी म्हातारी झाली, लाल भाग दमला असेल, होतं तसं. म्हणून नीट बघायला पुढे सरकलो. उजव्या डोळ्यातून पाणी येत होतं, ते पुसायला तो डोळा मिटला, आणि चित्र पांढरं झालं.

स्वच्छ पांढरं. पंधरा वर्षांपूर्वी मी लावलं होतं तसं.

उजवा उघडला, डावा मिटला. निळं. उजवा मिटला. पांढरं. हे मी किती वेळा केलं माहीत नाही. शेवटी बहीण म्हणाली, "दादा, डोळ्याला काही होतंय का?"

मला दोरीवरचे शर्ट आठवले. डाव्या डोळ्यात अजून जुना मोतीबिंदू होता, डॉक्टर म्हणाले होते तसा पंधरा-वीस वर्षांचा पिवळा पडलेला. त्यातून पांढरं पिवळं दिसायचं. म्हणून मी पांढरं दिसेपर्यंत निळा वाढवत गेलो. शर्टातही आणि टीव्हीतही. एकाच टीव्हीत नाही. त्या वर्षांत माझ्या हाताखालून गेलेल्या प्रत्येक टीव्हीत.

आता जे सांगायचं आहे ते मी पंधरा वर्षं वेगळ्या पद्धतीने सांगत आलो आहे. आज सरळ सांगतो.

एका दुपारी मी जेवायला वर घरी निघालो आणि चष्मा दुकानात विसरला म्हणून अर्ध्या जिन्यातून परत आलो. धाकटा मी लावलेल्या सेटच्या मागे बसला होता, समोर खुर्चीवर आरसा, हातात माझा स्क्रू ड्रायव्हर. मी सकाळी लावलेले प्रीसेट तो फिरवत होता.

"काय चाललंय?"

तो दचकला. मग म्हणाला, "दादा, निळं झालंय."

"मी लावलेलं निळं झालंय?"

"हल्ली सगळेच होतात. मी गिऱ्हाईक यायच्या आत परत माझ्या खुणेवर आणून ठेवतो. दादा, रागावू नकोस, पण तू एकदा डोळे दाखवून घे."

मी त्याच्या थोबाडीत मारली. चाळिशी उलटलेल्या भावाच्या, भर दुकानात, दारात दोन गिऱ्हाइकं उभी असताना. मग ओरडलो की माझी पाठ वळली की हा माझं काम बिघडवतो, माझं नाव घालवून दुकान गिळायला बघतो. त्याने गालाला हातसुद्धा लावला नाही. एवढंच म्हणाला, "माझं ऐकू नकोस. दुसऱ्या कुणालाही विचार. कुणालाही."

"आईला विचारू," मी म्हणालो.

त्याचा चेहरा पडला. मी तो बघितला आणि मनात म्हटलं, सापडला चोर.

दुसऱ्या दिवशी मी एकाच बनावटीचे दोन सेट शेजारी शेजारी मांडले. एका बंद पडलेल्या लॉजमधून घेतलेले, दोन्ही धाकट्यानेच दुरुस्त केलेले. एकाला मी हात लावला नाही. दुसरा माझ्या नजरेने लावला. दोन्हींचे रंग शून्यावर आणले आणि वरच्या मजल्यावरून आईला खाली आणलं. तिला जिना उतरायला दहा मिनिटं लागली. स्टुलावर बसली, पदराने चष्मा पुसला, दोन्ही पडद्यांकडे खूप वेळ बघितलं. खरंच खूप वेळ. तिला न्याय करायचा होता.

"हा पांढरा," ती म्हणाली आणि माझ्या सेटकडे बोट केलं. "तो पिवळट आहे."

"आई, नीट बघ," धाकटा म्हणाला.

"मला काय आंधळी समजतोस?"

तो सेटपासून मागे सरकला. आईचं संपलं नव्हतं. "ज्याने हात धरून शिकवलं त्याच्या अन्नात माती कालवतोस? आधी त्याची माफी माग. तोवर मला तोंड दाखवू नकोस."

त्याने स्क्रू ड्रायव्हर टेबलावर ठेवला आणि तो दुकानातून निघून गेला. आईने जो सेट पांढरा म्हटला तो मी तिच्या खोलीत नेऊन ठेवला, बक्षीस असल्यासारखा. ती शेवटपर्यंत तोच बघायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "थोरल्याने लावलाय. किती स्वच्छ दिसतंय बघा."

पुढच्या वर्षभरात दुकानात सेट परत यायला लागले. निळं, निळं, निळं. मी म्हणायचो, धाकटा बाहेर माझी बदनामी करतोय. दोन वर्षांनी शटर ओढलं तेव्हा सगळ्यांना सांगितलं की पातळ टीव्ही आले, जुन्यांना कोण विचारतो. पातळ टीव्ही आमच्या भागात यायला अजून अवकाश होता.

आई त्यानंतर सहा वर्षं जगली. धाकटा दोनदा तिला भेटायला आला. दोन्ही वेळा तिने भिंतीकडे तोंड फिरवलं आणि विचारलं, "माफी मागितलीस का?" तो नाही म्हणाला आणि परत गेला. दोन्ही वेळा मी तिथे दारात उभा होतो. मला बरं वाटलं होतं. हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही, पण मला बरं वाटलं होतं. ती गेली तेव्हा तो आला आणि फाटकाबाहेर उभा राहिला. आत ये असं त्याला कुणी म्हटलं नाही, आणि म्हणण्याचा मान माझा होता.

बहिणीच्या घरी मी सेट बंद केला, भिंतीकडून फिरवला, मागचे स्क्रू काढून झाकण उतरवलं. आत बोटभर धूळ होती. ब्रशने नळीच्या मानेवरची पाटी साफ केली, आणि पाच ठिपके दिसले. पाचही तुटलेले, अर्धा स्क्रूवर आणि अर्धा पाटीवर.

"अय्या, ही माझी नेलपेंट," बहीण वाकून बघत म्हणाली. "त्याने बाटली नेली ती परत दिलीच नाही."

मला तो रंग नेहमी विटकरी वाटायचा. गुलाबी होता.

तिला भिंतीवरचा आरसा काढायला लावला आणि समोर खुर्चीवर ठेवला. सेट पुन्हा चालू करून तापू दिला. मग डावा डोळा मिटून एकेक स्क्रू फिरवला. आरशात बघितलंच नाही. फक्त ठिपके जुळवले. पाच ठिपके, पाच स्क्रू. पाचवा जुळल्यावर मान वर केली.

आरशातला पडदा पांढरा होता. लालला केसभर वाढवावं लागलं, तेही नळी जुनी झाली म्हणून. बाकी सगळं त्याने सोडलं होतं तिथेच होतं. आई होती तोवर तिच्या उशाशी हे बरोबर माप पडून होतं, आणि वर माझं चुकीचं माप चालत होतं.

"आईलाही मोतीबिंदू होता ना?" मी विचारलं. मला माहीत होतं. तिच्या डोळ्यात रोज औषध मीच घालायचो.

"दोन्ही डोळ्यांत," बहीण म्हणाली. "कापाकापी नको म्हणून बसली." मग खोक्यात भांडी भरता भरता म्हणाली, "तुला आज कळलं का?"

"तुला कधीपासून माहीत होतं?"

"त्यानेच सांगितलं होतं, तेव्हाच. मी तुला सांगायला आले होते. तू म्हणालास, त्याची वकिली करायची असेल तर या घरात येऊ नकोस. मी आईसाठी येत होते, म्हणून गप्प बसले."

मी झाकण लावलं. एक स्क्रू हातातून पडला तो सापडेना. तिने शोधून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी धाकट्याकडे गेलो. तो एका रंगाच्या दुकानात काम करतो, भिंतींना द्यायच्या रंगाच्या. गिऱ्हाईक कागदावर छटा दाखवतं आणि तो डब्यातल्या पांढऱ्या रंगात थेंब सोडून ती बनवतो. दुकानाला पुढून पूर्ण उजेड होता. तो डबा हलवण्याच्या यंत्रापाशी उभा होता, केस पिकलेले, बाह्या वर सारलेल्या. समोर एक बाई तीन पांढऱ्या नमुन्यांच्या पट्ट्या हातात धरून उभी होती. तिला त्यातला कुठला घ्यावा कळत नव्हतं.

त्याने मला बघितलं. आधी डोळ्याकडे बघितलं.

"केलंस ऑपरेशन?"

"उजव्याचं. डाव्याचं पुढच्या महिन्यात."

"थेंब वेळेवर घाल," तो म्हणाला आणि यंत्र बंद केलं.

मी रात्रभर बोलायची वाक्यं जुळवली होती. तोंडातून निघालं ते भलतंच. "आईचा टीव्ही उघडला होता," मी म्हणालो. "तुझ्या खुणेवर आणला."

"बरं."

"बरोबर आला."

"येणारच."

"तुझं बरोबर होतं. मी चुकलो. मी तुझी माफी मागायला आलोय."

दुकानाचा मालक गल्ल्यावरून बघत होता. धाकट्याने डब्याचं झाकण उचकटलं, काठीला लागलेला रंग एका कागदावर ओढला आणि तो वाळवायला केस वाळवायचं यंत्र लावलं. ते बंद होईपर्यंत मला थांबावं लागलं.

"थोबाडीत मारलीस ते मी त्याच दिवशी विसरलो," तो म्हणाला. आवाज चढवला नाही. "मोठा भाऊ आहेस. दुकानाचंही काही नाही. मला दुसरं काम मिळालं."

"मग तू आईला सांगायचं होतंस. तिला स्पष्ट सांगायचं होतंस की तुझे डोळे—"

"तिच्या तोंडावर? सगळ्यांसमोर? की आई, तुला दिसत नाही?" त्याने वाळवायचं यंत्र खाली ठेवलं. "किती दिवसांनी कुणीतरी तिला काही विचारलं होतं, दादा. जिना उतरून आली होती ती."

त्याने यंत्राची वायर गुंडाळली.

"दोनदा गेलो मी तिच्याकडे. तू दारात उभा होतास. माफी मागितली असती तर तिने जवळ घेतलं असतं. मला माहीत होतं. पण मी काहीच केलं नव्हतं, मग मागू कसली?" त्याने कागद उजेडात धरून बघितला. "आता तू माझ्याकडे मागतोयस. माझ्याकडे कशाला? मी चोर नाही हे मला माहीतच होतं, तिला नव्हतं. जा, तिला सांग."

"आई गेली."

"तेच म्हणतोय मी."

त्याने झाकण बसवलं आणि लाकडी हातोडीने चारी बाजूंनी ठोकलं. मग आत कुठला रंग आहे ते कळावं म्हणून बोटाने झाकणावर एक ठिपका दिला.

मी तिथेच उभा होतो. दारातून येणारा सगळा उजेड माझ्या पाठीवर पडत होता. ती बाई हातातल्या पट्ट्या इकडून तिकडे फिरवत होती, पण तिला काही ठरवता येईना.

"काका," ती म्हणाली, "जरा बाजूला होता का? तुमच्यामुळे मला पांढरा कुठला ते दिसत नाहीये."

मी बाजूला झालो.